पुढचा ब्रेक

जयदीप साहेबावर सूड उगवायचा, हे ज्योतीरामने ठरवून चौदा महिने झाले होते. कसा, एवढंच ठरत नव्हतं. निघोज्याच्या कंपनीत तो मेंटेनन्सचा फिटर आणि साहेब प्लांटचा मॅनेजर. फिटरने मॅनेजरचं काय वाकडं करायचं? गाडीच्या चाकातली हवा सोडावी, तर पार्किंगला कॅमेरा. केबिनचा एसी बिघडवावा, तर दुरुस्तीला शेवटी ज्योतीरामलाच बोलावणार. शिव्या तर तो रोज देत होता, पण मनातल्या मनात दिलेल्या शिव्यांनी कुणाचं काही बिघडल्याचं त्याने अजून पाहिलं नव्हतं.

भांडण सायकलीचं होतं. बावीस इंची, काळी, चेनकव्हरवर त्याने स्वतः ओढलेला पिवळा पट्टा. एकोणीस वर्षं तळवड्याहून इंद्रायणीच्या पुलावरून निघोज्याला त्याने तिच्यावरच तिन्ही पाळ्या केल्या. शिवाय दर दिवाळीला तो तिच्यावर बसून औशाजवळच्या आपल्या गावी जायचा. भिगवण, बार्शी करत साडेतीनशे किलोमीटर, तीन दिवस. लोक त्याला वेडा म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. त्याच्या बायकोने, दीपमालाने, या प्रवासासाठी ट्रकच्या ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवल्या होत्या, कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या, म्हणजे पाठीवर ओझं नको. टॉवेलच्या चार घड्या आतून शिवलेली एक तंग पँटही तिने करून दिली होती. पहिल्या वर्षी तो त्या पँटच्या आत चड्डी घालून गेला आणि इंदापूरच्या पुढे त्याला पाय फाकवून चालावं लागलं. चड्डीची शिवण नेमकी नको तिथे घासते. तेव्हापासून आत काही न घालता तो निवांत जायचा. हे शहाणपण त्याने स्वतःचं कातडं देऊन मिळवलं होतं.

मग परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट आलं. आदल्या दिवशी साहेब कंपनीभर फिरला आणि सायकल स्टँडपाशी थांबला. “हे भंगार कुणी उभं केलंय इथं? उचला,” एवढंच म्हणाला. भंगाराचा टेम्पो गेटपाशी भरतच होता. वॉचमन मालोजीने ज्योतीरामला निरोप धाडायच्या आत काळी सायकल टेम्पोत गेली होती. साडेतीनला पाळी सुटली तेव्हा स्टँड झाडून स्वच्छ केलेला होता.

ज्योतीरामने दोन दिवस रजा टाकली आणि कुदळवाडीतली भंगाराची आवारं पालथी घातली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका आवारात दाबून चौकोनी केलेल्या लोखंडाच्या थप्पीत त्याला पिवळा पट्टा दिसला. हातभर लांबीचा, मधोमध दुमडलेला. तिथला माणूस म्हणाला, घ्यायचा तर आख्खा ठोकळा घ्यावा लागेल.

तिसऱ्या दिवशी तो साहेबापुढे उभा राहिला. बोलायचं पुष्कळ होतं, पण तोंडातून निघालं एवढंच, की साहेब, सायकल माझी होती. साहेब मोबाइलमध्ये होता. मान वर न काढता म्हणाला, “अरे, माझ्या पोराची छोटी सायकल पडून आहे घरी. ती घेऊन जा.” केबिनमधले दोघं-तिघं हसले. पोराच्या सायकलीला बाजूला दोन चिमुकली चाकं असतात, हे ज्योतीरामला बाहेर आल्यावर आठवलं आणि त्याच्या कानशिलापर्यंत आग गेली.

ती आग चौदा महिने विझली नाही. जुन्या बाजारातून त्याने एक जांभळी लेडीज सायकल आणली आणि पाळ्या चालू ठेवल्या. गावी मात्र त्या दिवाळीत तो एसटीने गेला, खिडकीशी बसून, कुणाशी न बोलता.

आणि मग डिसेंबरात, अगदी न मागता, साहेब त्याच्याकडे चालत आला.

झालं होतं असं, की त्रेचाळिसाव्या वर्षी साहेबाला डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा आकडा दाखवला आणि साहेबाच्या अंगात सायकल संचारली. चिखलीतली त्याची मंडळी जुनी, गावठाणातली. जमिनी गेल्या आणि बंगले आले. पैशाला तोटा नव्हता. मोटारसायकलीच्या किमतीची सायकल आली. सुजित आणि आणखी एक, असे दोन मित्र जमले. जानेवारीत ताम्हिणी घाट उतरून दिवेआगरला जायचं, तीन दिवस, असं ठरलं. तयारीला काय काय लागतं ते कुणालाच माहीत नव्हतं. मालोजीने हुशारी केली. म्हणाला, “साहेब, आपल्या ज्योतीरामला विचारा. तो लातूरकडं सायकलीवर जातो.”

साहेब शॉप फ्लोअरवर आला, ज्योतीरामच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “भाऊ, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात! आता आमचे गुरू तुम्हीच.”

भाऊ! ज्योतीरामने त्याच्या डोळ्यांत नीट पाहिलं. ओळखीचं काही दिसतंय का, थोडी तरी लाज. काही नव्हतं. साहेब स्वच्छ हसत होता. तेव्हा ज्योतीरामही हसला. “करू की साहेब. सगळी तयारी मी करून देतो तुमाला,” तो म्हणाला, आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्याला जेवण गोड लागलं.

निघायच्या आधीच्या रविवारी साहेबाच्या गाडीत बसून तो निगडीच्या सायकलींच्या दुकानात गेला. दुकानात दिव्या नावाची मुलगी होती, स्वतः सायकल चालवणारी, कामात चोख. तिने आधी खोगीर दाखवलं, अरुंद आणि जरा टणक. “लांबच्या प्रवासाला हेच बरं, सर. मऊ सीटमध्ये बूड रुततं आणि नस दबते.”

“टणक कशाला?” ज्योतीराम म्हणाला. “साहेब, तुमी हापिसात काय लाकडी स्टुलावर बसताव का? ते बगा, जेलचं. रुंद. गादीच हाय निस्ती.”

साहेबाने जेलच्या गादीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. साहेब खूश झाला.

मग चड्डी आली, काळी, आतून जाड पॅड लावलेली. दिव्याने हळू आवाजात सांगितलं, “सर, याच्या आत काही घालायचं नसतं हं.”

“आत काहीच नाही?” साहेब दचकला. दोन मित्रांच्या देखत, परक्या गावात, आत काही न घालता फिरायचं ही कल्पना चिखलीच्या घराण्याला पेलणारी नव्हती. त्याने ज्योतीरामकडे पाहिलं.

ज्योतीरामला या क्षणाची फार मजा वाटली. तो सावकाश बोलला. “घालायचीच, साहेब. आपली रोजची, जाड, सुती. इलास्टिक चांगलं तंग बगून घ्या. निस्तं पॅड अंगाला लागलं तर सालटं निघतंय.”

“अहो काका, उलटं आहे ते,” दिव्या म्हणाली.

“ताई, तुमी कितींदा गेलाव सायकलीवर औशाला?”

दिव्याने चड्डी घडी करून काउंटरवर ठेवली. साहेब अभिमानाने म्हणाला, “भाऊ साडेतीनशे किलोमीटर जातात. एका दमात!” ज्योतीरामने तीन दिवसांचा एक दम होऊ दिला.

पुढे सगळं सोपं गेलं. घाम सुकवणारी पातळ जर्सी नको. सुती टी-शर्ट घ्या, सुतीसारखं अंगाला दुसरं काही नाही. कोकणात घामाने भिजलेलं सुती कापड दिवसभर अंगाला चिकटून बसतं आणि काखेत घासतं, हे त्याने सांगितलं नाही. कॅरियरच्या बाजूच्या पिशव्या नकोत, सायकल एका अंगाला ओढते. पाठीवरची मोठी बॅग घ्या, वजन आपल्या ताब्यात राहतं. हातमोजे? ते हौशी लोकांचं काम. दर वस्तूला दिव्या तोंड उघडायची आणि मिटायची. बिल झालं तेव्हा तिने ज्योतीरामकडे असं पाहिलं, की तिला काहीतरी कळलं असावं. त्याने नजर वळवली. त्याला लाज अजिबात वाटली नाही. दर वस्तूगणिक त्याला साहेब दिसत होता: पौडापर्यंत वळवळणारा, मुळशीला पाणी मागणारा, माणगावला पाय फाकवून उभा.

इथवर ठीक होतं. इथेच थांबला असता तर ही गोष्ट नुसती हसण्यावारी गेली असती.

दुकानातून ते चिखलीला बंगल्यावर आले. अंगणात नवी सायकल उभी होती आणि तिच्यामागे, भिंतीला टेकून, धुळीने भरलेली ती छोटी सायकल, बाजूच्या दोन चिमुकल्या चाकांसकट. ज्योतीराम तिच्याकडे बघतच राहिला. साहेब जेलचं सीट चढवण्यात गुंग होता. मधेच म्हणाला, “भाऊ, आमचे वडील सांगायचे, पुढचा ब्रेक दाबला की माणूस कोलांटउडी खातो. खरं का हो?”

या पट्ट्यातल्या दर घरात पोरांना हे सांगतात. आणि घाट उतरताना सगळी भिस्त पुढच्या ब्रेकवर असते, मागचा एकटा बिचारा तापून तापून सोडून देतो, हे ज्योतीराम एकोणीस वर्षं जाणून होता. तो छोट्या सायकलीकडे बघत होता. तोंड आपोआप बोललं.

“खरं हाय, साहेब. पुढचा ढिलाच ठेवायचा.”

“मग करून द्या की तसा.”

त्याने साहेबाच्या हत्यारांच्या पेटीतली एलन-की, म्हणजे सहाकोनी किल्ली, काढली, केबलचा बोल्ट सैल केला, केबल बोटभर सोडली आणि बोल्ट परत आवळला. साहेबाने ब्रेक दाबून पाहिला. तो थेट हँडलला जाऊन टेकला. “बेस्ट,” साहेब म्हणाला.

तेवढ्यात साहेबाची आई, आक्काबाई, चहा घेऊन बाहेर आली. तिने ज्योतीरामच्या हातात कप दिला आणि तिथेच पायरीवर बसली. “तुला लई कळतंय म्हन्त्यात ह्यातलं. घाटात लई वळनं हायती न्हवं? मी नगं नगं म्हन्ते, ह्यो काय ऐकंना. तुज्या भरवशावर सोडतीया बग ह्याला.”

ज्योतीरामने चहा उभ्या उभ्या संपवला. जीभ पोळली.

घरी त्याने दीपमालाला सगळं सांगितलं. ती मशीनवर ब्लाऊज शिवत होती. चड्डीच्या गोष्टीला ती इतकी हसली की सुईखाली बोट जाता जाता वाचलं. “जाड सुती! वर इलास्टिक तंग!” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. पाठीवरच्या बॅगेला ती हसली, जेलच्या गादीला हसली. मग त्याने ब्रेकचं सांगितलं, आणि मशीन थांबलं.

“ब्रेकचं कामून केलाव?”

“त्यानं माझी सायकल दाबून टाकली.”

“त्यानं सायकल दाबली. तुमी माणूस दाबायला निघालाव.”

“पडंल जरा. खरचटंल.”

“ताम्हिणीत?” दीपमाला म्हणाली. तिने अर्धा ब्लाऊज गुंडाळला आणि मशीनवर झाकण घातलं.

पुढचे पाच दिवस ज्योतीराम स्वतःशी भांडत राहिला. मागचा ब्रेक आहेच की. साहेब काही वेगाने जाणारा नाही. अनाडी माणूस, भिऊन भिऊनच उतरेल. मग त्याला वळण दिसायचं, वाळक्या पाल्याचं, आणि हँडलला टेकलेला ब्रेक. कधी दुमडलेला पिवळा पट्टा दिसायचा आणि वाटायचं, जाऊ दे मरू दे. कंपनीत साहेब रोज हात करायचा. “गुरू!” गुरुवारी तर कँटीनमध्ये शेजारी येऊन बसला आणि त्याच्या ताटातली मिरची उचलून खाल्ली. ज्योतीराम ताट अर्धवट ठेवून उठला.

शनिवारी पहाटे साडेपाचला तो जांभळ्या सायकलीवर बसला आणि चिखलीकडे निघाला. सातची पाळी होती, वेळ होता. ओढ्याच्या अंगाने धुकं होतं आणि हाताची बोटं गारठली होती. रस्त्यात त्याने ठरवून टाकलं, ब्रेक तर आवळायचाच, पण सगळंच सांगून टाकायचं. चड्डीचं, गादीचं, बॅगेचं, सगळं. म्हणायचं, साहेब, मनात राग होता, चुकलं. या विचाराने त्याला एकदम हलकं वाटलं, पॅडलसुद्धा हलके वाटले.

बंगल्यासमोर तिघंही तयार होते. साहेबाने पांढरा सुती टी-शर्ट घातला होता, पाठीवर गोणीएवढी बॅग होती, आणि काळ्या चड्डीतून आतल्या इलास्टिकची वळी स्पष्ट दिसत होती. “बघा, गुरू स्वतः आले!” साहेब ओरडला.

“जरा ब्रेक बगतो पुढचा,” ज्योतीराम म्हणाला आणि खिशातली पकड नि एलन-की काढून खाली बसला.

“ढिला आहे की. तुम्हीच केलात ना?”

“चुकीचं सांगितलं व्हतं. घट्टच लागतो तो. घाटात पुढच्यावरच सगळं असतंय.”

“असं होय? चुकतं कधीकधी,” साहेब उदार मनाने म्हणाला.

ज्योतीरामने बोल्ट सैल केला, पकडीने केबल ताणून धरली. आता बाकीचं सांगायचं. तो शब्द जुळवत होता, तेवढ्यात सुजितची नजर फाटकाला टेकलेल्या जांभळ्या सायकलीवर गेली. “जयद्या, हा रथ कुणाचा रे?”

साहेब हसला. “यावरून आठवलं, राव. मागच्या ऑडिटला मी स्टँडवरचं एक खटारं भंगारात टाकायला लावलं. ते निघालं एका कामगाराचं. तर तो माणूस दोन दिवस कुदळवाडीत सायकल हुडकत फिरला म्हणे! मग माझ्या केबिनमध्ये आला, रडायच्या बेतात. मी म्हटलं, आमच्या पोराची घेऊन जा, बाजूच्या चाकांवाली.”

तिघंही खदखदून हसले. “कोण होता रे?” सुजितने विचारलं.

“कोण की. असेल कुणीतरी म्हातारा कॉन्ट्रॅक्टवरचा.”

ज्योतीरामच्या एका हातात पकड होती, दुसऱ्या हातात एलन-की. बोल्ट अजून मोकळा होता. पकड सोडली की केबल सरकन मागे जाणार होती, आणि कुणाला काही कळणार नव्हतं. रागाने त्याचे दात एकमेकांवर आवळले गेले. चौदा महिने तो या माणसापायी जळत राहिला, आणि याने त्या दिवशी त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

पण नेमक्या त्याच रागाने त्याला सरळ विचार सुचवला. हा घाटात गेला, तर याला काय कळणार? मेलेल्याला काहीच कळत नाही. हा जिवंत राहिला पाहिजे. तीन दिवस, दर पॅडलला, दर खड्ड्याला जिवंत. ज्योतीरामने केबल आणखी अर्धं बोट ओढली, बोल्ट ताकदीने आवळला, ब्रेक दाबून पाहिला, पुन्हा पाहिला. चाक जागच्या जागी थांबलं. मग तो उठला आणि हात पुसले.

“मी व्हतो तो, साहेब,” तो म्हणाला. “कॉन्ट्रॅक्टवर न्हाई. एकोणीस वर्षं परमनंट हाय.”

हसणं बंद पडलं. सुजित आपल्या बुटांकडे बघू लागला. साहेबाचा चेहरा आधी कोरा होता, मग हळूहळू त्यावर रक्त चढलं. “भाऊ... मला खरंच... माझ्या लक्षातच...” त्याने हात पुढे केला, मागे घेतला. मग त्याची नजर नुकत्याच आवळलेल्या ब्रेककडे गेली, आणि तिथेच थांबली. चुकीचं सांगितलं होतं. कशाला? ज्योतीरामला त्याच्या कपाळावर विचार उमटताना दिसत होता. नजर ब्रेकवरून जेलच्या गादीवर गेली, गादीवरून स्वतःच्या चड्डीवर.

“भाऊ,” साहेब अगदी लहान आवाजात म्हणाला, “बाकीचं... बाकीचं सगळं बरोबर सांगितलंय ना तुम्ही?”

रस्त्यात जुळवलेले सगळे शब्द ज्योतीरामच्या तोंडाशी होते. त्याने ते गिळले.

“एकदम बरोबर, साहेब. निगा आता. ऊन व्हायच्या आत घाट गाठा.”

साहेबाला खरं मानवेना आणि खोटं म्हणता येईना. मित्र घंट्या वाजवत होते. तो गादीवर बसला, जरा हलला, परत हलला आणि निघाला. कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत त्याने तीनदा मागे पाहिलं. ज्योतीरामने तिन्ही वेळा हात हलवला. चौदा महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि त्याने ते स्वतःपासून लपवलंही नाही.

आक्काबाई पायरीवर उभी होती. तिने पदराने डोळे पुसले. “नीट जाईल न्हवं रं माजा लेक?”

“नीट जाईल, आक्का. नीट येईल बी,” ज्योतीराम म्हणाला. “बसायला तेवढा तरास हुईल.”